सिंप्युटरच्या पोटातला लिनक्स

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. खोलीभर पसरलेला एनियॅक, मग टेबलावरचा संगणक, मग खिशातला, असा तो क्रम असतो. कोणत्या यंत्रासाठी कोणती आज्ञावली लिहिली गेली, ती कोणासाठी होती आणि लिहिताना काय अडचणी आल्या, हा भाग त्यात तळटिपेपुरताच येतो. या लेखात आम्ही त्या तळटिपेलाच हात घालणार आहोत. यंत्र आपल्याच देशातले आहे. बंगळूरमध्ये घडलेला सिंप्युटर हे त्याचे नाव. आपल्या ज्येष्ठ वाचकांना ते वर्तमानपत्रांतून आठवत असेल. आजच्या विद्यार्थ्यांनी ते ऐकले असण्याचा संभव कमी.

ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळूरला विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. सामान्य माणसाला परवडेल आणि वापरता येईल अशा संगणकाची कल्पना तेथे मांडली गेली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे, शशांक गर्ग व मार्क मथायस असे सात जण एकत्र आले. १९९९ मध्ये त्यांनी सिंप्युटर न्यास स्थापन केला आणि एप्रिल २००१ मध्ये यंत्राचा पहिला नमुना लोकांसमोर ठेवला. साधा, स्वस्त, बहुभाषी असा लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव बनले होते. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायचे ठरले होते. यंत्राचा आराखडाही न्यासाने गुप्त ठेवला नाही. ठरावीक परवाना शुल्क भरून कोणत्याही कारखान्याला ते बनवता यावे, अशी योजना होती.

यंत्र तळहातावर मावणारे होते. त्यात इंटेलची स्ट्राँगआर्म जातीची, सेकंदाला सुमारे २० कोटी ठोके देणारी चिप होती. कामाची स्मृती ३२ ते ६४ मेगाबाइट, कायमची साठवण २४ ते ३२ मेगाबाइट आणि ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा, काडीने स्पर्श करायचा पडदा. कळफलक नाही, फिरणारी तबकडी नाही. स्मार्ट कार्ड घालण्यासाठी एक खाच होती आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या बॅटऱ्यांवर ते चालत असे. त्याच काळात टेबलावरच्या संगणकात १२८ मेगाबाइट स्मृती आणि २० गिगाबाइटची तबकडी ही साधारण गोष्ट होती. म्हणजे साठवणीच्या बाबतीत हा संगणक त्याच्या सुमारे आठशेव्या भागाएवढा होता.

एवढ्या जागेत काय बसवायचे, हा पहिला प्रश्न होता. आणि ज्याला वाचता येत नाही अशा माणसाने ते हातात घेतल्यावर पडद्यावर काय दिसावे, हा शेवटचा. या दोन प्रश्नांच्या मधले काम म्हणजे आज्ञावली लिहिण्याचे काम.

बाजारातून आणलेल्या संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्याला खालच्या थरांची काळजी करावी लागत नाही. पडदा कोठे जोडला आहे, स्मृती कोणत्या पत्त्यापासून सुरू होते, हे कार्यप्रणालीला आधीच माहीत असते, कारण असे लाखो संगणक एकाच साच्यातून निघालेले असतात. स्वतः घडवलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याची ओळख जगात कोणालाच नसते. पडद्यावर काडी टेकली की कोणत्या तारेवर संकेत येतो, कार्ड घातले की काय होते, बॅटरी उतरत आल्याची खबर कोठून मिळते, हे सारे कार्यप्रणालीच्या गाभ्याला नव्याने शिकवावे लागते. त्यासाठी गाभा उघडून पाहता आणि बदलता यायला हवा. लिनक्सची निवड येथे झाली. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपसाठी लिहिलेला हा गाभा सर्वांना खुला होता आणि प्रत्येक यंत्रामागे कोणाला पैसे द्यावे लागत नव्हते. नऊ हजारांच्या यंत्रात हा मुद्दा लहान नाही. शिवाय १९९४ पासून रसेल किंग या इंग्रज तरुणाने तो आर्म जातीच्या चिपवर चालवण्याचे काम हाती घेतले होते. स्ट्राँगआर्म ही त्याच कुळातली असल्याने बंगळूरच्या मंडळींना वाट अगदी पहिल्यापासून पाडावी लागली नाही.

एकीकडे घडते, दुसरीकडे चालते

नांगराचा फाळ लोहाराच्या भात्यापाशी घडतो आणि शेतात चालतो. अशा छोट्या यंत्राची आज्ञावलीही तशीच दुसरीकडे घडते. कळफलक नसलेल्या, इवल्याशा पडद्याच्या यंत्रावर बसून ती लिहिणे शक्य नसते आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्या साठवणीत मावत नाही. म्हणून ती टेबलावरच्या मोठ्या संगणकावर लिहायची, तेथल्या कंपायलरला सांगायचे की तुझ्या स्वतःच्या चिपसाठी नको, त्या दुसऱ्या चिपसाठी रूपांतर कर, आणि तयार झालेला मजकूर तारेने छोट्या यंत्रात उतरवायचा. तो मोठ्या संगणकावर चालवून पाहता येत नाही, कारण ती चिप ही भाषा जाणतच नाही. म्हणून बरेच जण आधी मोठ्या संगणकासाठी रूपांतर करून, तेथे तपासून, मग छोट्या यंत्राकडे वळतात. आणि येथेच गंमत होते.

सी भाषेत एक अक्षर आठ द्विमान अंकांच्या एका घरात ठेवतात. आठही अंक १ असतील तर त्या घरात कोणती संख्या आहे? ऋण संख्या धरायच्याच नाहीत असे ठरवले तर २५५. घरात उणे १२८ ते १२७ अशा संख्या धरायच्या असे ठरवले तर उणे १. सी भाषेच्या नियमांनी ही निवड मोकळी सोडली आहे. इंटेलच्या संगणकांवर कंपायलर बहुधा दुसरा अर्थ घेतात, आर्मवरच्या लिनक्समध्ये पहिला. आता समजा, एखाद्याने धारिकेतील एकेक अक्षर वाचून अशा घरात ठेवले आणि उणे १ आले की धारिका संपली असे मानून थांबायचे, असे लिहिले. टेबलावरच्या संगणकावर आज्ञावली नीट थांबते. छोट्या यंत्रावर ती २५५ पाहते, ते उणे १ नाही म्हणते आणि वाचतच राहते. चूक कंपायलरची नाही. ते घर मुळातच त्या कामासाठी नव्हते. ज्या शाळेत रास्पबेरी पाय हा २०१२ पासून मिळू लागलेला छोटा संगणक आहे, तेथे हा प्रयोग पाच ओळींत करून दाखवता येतो, कारण त्याची चिपही आर्म कुळातली आहे. द्विमान पद्धतीतल्या ऋण संख्या शिकवताना याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी अडचण अपूर्णांकांची. स्ट्राँगआर्ममध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित करणारे मंडलच नव्हते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सारे पूर्णांकांचे. मग अपूर्णांक आला की काय होई? चिपला अनोळखी आज्ञा दिसे, ती हातचे काम थांबवून गाभ्याला हाक मारी, गाभा पूर्णांकांच्या अनेक पायऱ्यांनी ते गणित करून उत्तर देई आणि मग काम पुढे सरके. उत्तर बरोबर, पण वेळ कित्येक पट. यावरचा उपाय आपल्या शाळेतल्या जुन्या गणितात आहे. १२ रुपये ७५ पैसे लिहायचे असतील तर १२७५ पैसे ठेवावेत आणि दाखवताना तेवढे रुपये करावेत. ३ एकर १७ गुंठे असतील तर १३७ गुंठे. अशी लहान एककात रूपांतरे करून गणित करण्याची सवय ज्या पिढीला होती, तिला या यंत्रावर आज्ञावली लिहिणे मुळीच जड गेले नसते.

जागेची ओढाताण हीदेखील अशा सर्वच यंत्रांची कहाणी आहे. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांना डेबियन या लिनक्स संचाची उभारणी एका फ्लॉपीवरून व्हावी असे वाटत होते. फ्लॉपीत जागा १.४४ मेगाबाइट. यादी दाखवणे, नक्कल करणे, खोडणे अशी दहा-वीस साधने वेगवेगळी ठेवली तर प्रत्येकात काही भाग सारखाच येतो आणि जागा संपते. पेरेन्स यांनी ती सारी एकाच आज्ञावलीत गुंफली आणि तिला अनेक नावे दिली. ज्या नावाने हाक येईल ते काम ती करते. बिझीबॉक्स हे तिचे नाव. एकशिक्षकी शाळेत जो गृहस्थ सकाळी घंटा देतो, तोच हजेरी घेतो आणि तोच चौथीला भूमिती शिकवतो. त्याला अनेक कामे येतात, पण पगार एकाचा. पुढे लिनक्स बसवलेल्या असंख्य छोट्या यंत्रांत हीच युक्ती वापरली गेली.

साठवणीचा आणखी एक पेच. तबकडीऐवजी या यंत्रांत फ्लॅश स्मृती असते. तिच्या घरात १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर एक सबंध मोठा गट एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक गट साधारण लाखभर वेळा पुसला की निकामी होऊ लागतो. त्यातच पुसता पुसता कोणी बॅटरी काढली तर जुने गेले आणि नवे आले नाही, अशी अवस्था. स्वीडनमधील ॲक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९९ मध्ये लिनक्ससाठी यावर एक पद्धत बसवली. ती तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखी आहे. जुनी नोंद खोडायची नाही, पुढच्या कोऱ्या जागी नवी नोंद अनुक्रमांक घालून लिहायची आणि वाचताना सर्वांत अलीकडची खरी मानायची. वही भरत आली की चालू नोंदी पुढे उतरवून जुनी पाने मोकळी करायची. वीज मध्येच गेली तरी फार तर शेवटची नोंद अपुरी राहते. आधीच्या सगळ्या शाबूत असतात.

बोलणारे पान

हे झाले पोटातले. आता पडद्याकडे येऊ, कारण सिंप्युटरचे वेगळेपण तेथे आहे.

न्यासाच्या सभासदांना एक गोष्ट कळत होती. पिकाचे भाव, बचतगटाचा हिशेब, लसीकरणाची नोंद, शाळेतला धडा, अशा शेकडो कामांच्या आज्ञावल्या बंगळूरात बसून चौघा-सात जणांना लिहिता येणार नाहीत. त्या त्या त्या कामातल्या माणसांनीच लिहायला हव्यात. पण एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्याला सी भाषा, दुसऱ्या चिपचा कंपायलर आणि वर सांगितलेले २५५चे कोडे कसे झेपणार? म्हणून त्यांनी पाने लिहिण्याची एक खुणांची भाषा ठरवली. तिला आयएमएल हे नाव दिले. महाजालावरची पाने ज्या प्रकारच्या खुणांनी लिहितात त्याच घराण्यातली ही भाषा. पानावर काय दिसावे याबरोबर पानाने काय बोलावे, आणि कोणती माहिती स्मार्ट कार्डावरून घ्यावी वा त्यावर लिहावी, हेही तिच्यात सांगता येई. पान दाखवणारी आज्ञावली यंत्रात एकदाच लिहून ठेवायची. मग कामाची आज्ञावली म्हणजे नुसती पाने.

कार्डामागचा विचार आम्हाला विशेष दाद देण्याजोगा वाटतो. नऊ हजार रुपये ही २००१ मध्ये खेड्यातल्या कुटुंबाला झेपणारी रक्कम नव्हती, हे न्यास जाणून होता. म्हणून यंत्र गावाचे आणि कार्ड ज्याचे त्याचे. एसटीडी बूथवर जसा फोन दुसऱ्याचा आणि बोलणे आपले, तसे यंत्र भाड्याने घ्यायचे, आपले कार्ड घालायचे, काम झाले की कार्ड काढून घरी न्यायचे. आपली माहिती आपल्याबरोबर.

बोलण्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीचे नाव ‘ध्वनी’. रमेश हरिहरन यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली. हिंदी आणि कन्नड या भाषांपासून सुरुवात झाली. पद्धत ऐकायला सोपी आहे. एका माणसाच्या आवाजात भाषेतले छोटे छोटे तुकडे ध्वनिमुद्रित करायचे. नुसते स्वर, व्यंजनानंतर स्वर, स्वरानंतर व्यंजन, अर्धी व्यंजने. मजकूर आला की त्याचे अशा तुकड्यांत विभाजन करायचे आणि ते जोडून वाजवायचे. मोबाइल फोनमध्ये आवाज आकसण्याची जी पद्धत वापरत, तीच वापरून या सगळ्या तुकड्यांचा साठा साधारण एक मेगाबाइटमध्ये बसवला होता. आवाज सपाट येई, त्यात वाक्याचा चढउतार नसे, पण कळे.

आपल्या लिपी उच्चारानुसारी आहेत, तेव्हा हे काम इंग्रजीपेक्षा सोपे, असे कोणालाही वाटेल. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण पूर्ण खरे नाही. कन्नडमध्ये अक्षरातला ‘अ’ लिहिला तसा उच्चारतात. हिंदीत शब्दाच्या शेवटी तो गळतो आणि पुष्कळदा मध्येही गळतो. मराठीत तसेच आहे. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘करवत’ हा शब्द आपण ‘कर्-वत्’ असा तोडतो, पण ‘सरळ’ मात्र ‘स-रळ्’. हे नियम आपल्याला कोणी शिकवलेले नसतात, कानाने येतात. यंत्राला मात्र ते लिहूनच द्यावे लागतात. याखेरीज मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द कागदावर सारखे, तोंडात वेगळे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ही वेगळा. मराठीच्या शिक्षकांनी वर्गात फळ्यावर एक परिच्छेद लिहून, कोठे ‘अ’ गळतो आणि का, याचे नियम मुलांकडून काढून घ्यावेत. दहा मिनिटांत नियम सापडतो, पुढच्या दहा मिनिटांत त्याला अपवाद सापडतात. ध्वनी लिहिणाऱ्यांना नेमके हेच करावे लागले होते.

कामे कोणी लिहिली?

यंत्राचे कौतुक भरपूर झाले. अमेरिकी लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत त्याला २००१ सालातली संगणक क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची नवी गोष्ट ठरवले. चार प्राध्यापकांनी पिकोपेटा नावाची कंपनी काढली आणि मार्च २००४ मध्ये तिचा अमिडा सिंप्युटर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून बाजारात आला. त्यात यंत्र कलते केल्याचे ओळखणारा संवेदकही होता. फोनमध्ये ही गोष्ट सर्रास दिसायला पुढे काही वर्षे जावी लागली. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत दहा हजारांच्या जवळ होती. अपेक्षा पन्नास हजार यंत्रांची होती. विक्री काही हजारांच्या पलीकडे गेली नाही.

कारणे देताना बहुतेकांनी मोबाइलकडे बोट दाखवले. ते चूक नाही. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले आणि फोन रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या हाती आला. कारखान्यांनी हात आखडता घेतला, यंत्र उशिरा आले, हेही खरे. पण आम्हाला वाटते, सिंप्युटर कोठे वापरला गेला ती यादी पाहिली तर आणखी एक कारण दिसते. गोव्यात धेंपो कंपनीने खाणीच्या तोंडापासून जहाजापर्यंत खनिजाच्या वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी तो वापरला. मुंबईत महिंद्र आणि महिंद्रने वाहनांच्या इंजिनातले दोष शोधण्यासाठी. म्हैसूरच्या संघमित्रा संस्थेने छोट्या कर्जांच्या हिशेबासाठी. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या ‘भूमी’ योजनेत माहिती गोळा करण्यासाठी आणि पोलिसांनी वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या पावत्या फाडण्यासाठी.

या प्रत्येक ठिकाणी यंत्र कोणाच्या हाती जाणार हे ठाऊक होते. त्या माणसाने दिवसभरात कोणते प्रश्न विचारायचे, कोणते आकडे नोंदवायचे, हे ठरलेले होते. आज्ञावली लिहिणाऱ्याला त्याच्या शेजारी बसता आले. खेड्यातला निरक्षर शेतकरी, ज्याच्यासाठी बोलणारे पान आणि कार्डाची खाच केली होती, त्याच्या शेजारी बसणारा कोणीच नव्हता. पाने लिहिण्याची भाषा तयार होती, पण बाजारभाव रोज कोण गोळा करून पानांत घालणार, यंत्र बिघडल्यास कोणाकडे न्यायचे, भाड्याचा धंदा कोण चालवणार, याची उत्तरे भाषेत नव्हती. न्यासाने हे काम इतरांवर सोपवले होते, आणि त्या इतरांना पगार देणारे कोणी नव्हते. यात त्या सात जणांना दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. गाभ्यापासून आवाजापर्यंतचे सगळे थर त्यांनी बांधले होते, आणि तेही इतक्या थोड्या माणसांनी.

पुढे पिकोपेटा मुंबईच्या जिओडेसिक कंपनीकडे गेली. एन्कोरने २००५ मध्ये मोबिलिस नावाचे मोठ्या पडद्याचे यंत्र काढले, तेही फार चालले नाही. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. त्याच्या पोटात लिनक्सचा गाभा आणि आर्म कुळातली चिप होती, हाताने स्पर्श करायचा पडदा होता, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या कोणालाही त्यासाठी आज्ञावल्या लिहून लोकांपर्यंत पोचवता येतील असे दुकान त्याच्याबरोबर आले होते.

ध्वनीचे मात्र यंत्राबरोबर काही संपले नाही. तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली ठेवलेली होती. संतोष तोट्टिंगल या केरळच्या संगणकतज्ज्ञाने ती हाती घेतली, टेबलावरच्या लिनक्स संगणकांवर चालेल अशी केली आणि एकेक भाषा तिला जोडत नेली. कन्नड आणि हिंदीच्या पुढे मल्याळम आली, मग उडिया, बंगाली, गुजराती, तेलुगू, पंजाबी, तमिळ आणि मराठीही.